उसनं काय, आपलं काय

मी तुमच्या बचतगटांची समन्वयक बोलतेय. दर महिन्याला इथं येऊन मी कर्ज, हप्ता, विमा असलं काहीतरी सांगते. आजचा विषय ऐकून म्हणाल, ताईला झालंय तरी काय! आज मी व्हिडिओ गेमबद्दल बोलणार आहे. हो, पोरं मोबाइलवर मान खाली घालून खेळत बसतात, तोच गेम. पण रेडिओ बंद करू नका. या गेमपायी आमच्या एका गटाचे 22,000 रुपये अडकले होते. म्हणजे विषय आपलाच आहे.

गोष्ट माझ्या घरातली आहे. माझी अक्का, म्हणजे थोरली बहीण, एका गटाची सभासद. तिचा मुलगा तालुक्याला डिप्लोमा करतो. त्याला गेम खेळण्यापेक्षा बनवण्याचा नाद. अक्कानं गटातून अंतर्गत कर्ज काढलं आणि त्याला कुणाचा तरी वापरलेला लॅपटॉप घेऊन दिला. हप्ता दुधाच्या पैशातून. पोरानं चौदा महिने रात्री जागून एक गेम बनवला. टीव्हीवर लहान मुलांचा एक लाडका कार्टून मुलगा आहे. नाव घेत नाही, तुमच्याही घरात त्याचं दप्तर असेल. तो मुलगा पळतो, उड्या मारतो, दुष्टांना ठोसे मारतो, असा तो गेम. भाच्याचं त्या कार्टूनवर लहानपणापासून प्रेम. अशा चाहत्यांनी प्रेमापोटी बनवलेल्या गेमला फॅन गेम म्हणतात.

गेम त्यानं मोबाइलवर सगळ्यांना घेता येईल असा ठेवला. पोरं खेळायला लागली. अक्का गल्लीत सांगत सुटली. आणि एक दिवस सकाळी सहाला मला तिचा फोन.

"अगं, इंग्रजीत काहीतरी पत्र आलंय त्याला. गेम काढून टाकलाय म्हणे. पोरगं रात्रीपासून जेवलं नाही. पोलीस येतील का गं? तू बीए झालीस, बघ जरा काय लिहिलंय."

बीए झाले म्हणून सगळं कळतं, असा अक्काचा समज आहे. मी गेले. पत्राचा अर्थ इतकाच होता की, तुम्ही आमच्या मालकीची पात्रं, नाव आणि संगीत परवानगीशिवाय वापरलंय, म्हणून आम्ही तक्रार केली आहे आणि तुमचा गेम काढला आहे.

भाचा म्हणाला, "मावशी, मी एक रुपया घेतला नव्हता. फुकट ठेवला होता. आणि हे पात्र त्या कंपनीचं आहे, असं खाली स्पष्ट लिहिलंही होतं. मग चोरी कशी?"

मला उत्तर देता आलं नाही. मग मी वाचायला बसले. तालुक्याला एका वकीलबाईंनाही भेटले. जे कळलं ते आज तुम्हाला सांगते.

आपल्या देशात 1957 सालचा कॉपीराइट कायदा आहे. एखादीनं चित्र काढलं, गाणं रचलं, गोष्ट लिहिली, तर ती केल्या क्षणापासून त्यावर हक्क तयार होतो. नोंदणी करता येते, पण हक्कासाठी ती लागतेच असं नाही. लेखन आणि चित्र यांच्यावरचा हक्क करणाऱ्याच्या हयातभर आणि तो गेल्यानंतर आणखी 60 वर्षं राहतो. दुसऱ्याचं जाणूनबुजून वापरलं तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड, असं कायद्यात लिहिलेलं आहे. हे मी अक्काला लगेच सांगितलं नाही. आधी वकीलबाईंचं म्हणणं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांनी गेम काढायला लावलाय, तो निघालाय. आता पुन्हा तसाच टाकू नका, भांडू नका, पत्र जपून ठेवा आणि नम्रपणे कळवा की आम्ही वापर थांबवलाय." तेव्हा कुठं अक्कानं चहा टाकला.

फुकट दिलं तरी परवानगी लागतेच. शेजारणीची म्हैस न विचारता सोडून नेली आणि दूध गावाला फुकट वाटलं, तर शेजारीण गप्प बसेल का? आणि "म्हैस तिचीच आहे हं" असं वाटताना सांगितलं, म्हणून भागेल का?

पण माझ्या मनात वेगळाच प्रश्न होता. चौदा महिन्यांचं काम वाया गेलं का? अक्काचं कर्ज बुडालं का? तो शोधताना मला अमेरिकेतली एक खरी हकिगत सापडली. ती मी भाच्याला सांगितली, आणि खरं तर तीच सांगायला आज आले आहे.

अमेरिकेत हॅसब्रो नावाची खेळणी बनवणारी मोठी कंपनी आहे. रंगीत आयाळीच्या छोट्या घोड्यांची तिची खेळणी 1980 च्या दशकापासून विकली जातात. नाव, माय लिटल पोनी. 2010 साली त्या खेळण्यांवर टीव्हीची एक नवी कार्टून मालिका आली. ती घडवली लॉरेन फॉस्ट नावाच्या बाईनं. लहानपणी ती स्वतः त्याच घोड्यांशी खेळायची. मालिकेत सहा घोड्या मैत्रिणी. मालिका इतकी गाजली की मोठी माणसंही तिची चाहती झाली.

त्यातल्या काही चाहत्यांनी 2011 साली गट केला. स्वतःला नाव घेतलं, मेन सिक्स. एकत्र येऊन त्यांनी या सहा घोड्यांचा कुस्तीसारखा गेम बनवायला घेतला. दोन घोड्या समोरासमोर, आणि खेळणाऱ्यानं आपल्या घोडीला लढवायचं. पैसे घ्यायचे नव्हते, प्रेमाचं काम. चित्राचित्रानं एकेक हालचाल काढायची. लाथ मारताना पाय कसा उचलला जातो, पडल्यावर आयाळ कशी उडते, एवढं सगळं हातानं. गेम बाहेर येण्याआधीच त्याचा गवगवा झाला.

फेब्रुवारी 2013 मध्ये कंपनीचं पत्र आलं. थांबा. कंपनीशी बोलून काही मार्ग निघतो का, ते त्यांनी पाहिलं. निघाला नाही. दोन वर्षांचं काम एका पत्रानं बंद.

आता पुढचं ऐका. ही बातमी लॉरेन फॉस्टला कळली. आपण म्हणू, तिनंच घडवल्या ना त्या घोड्या, मग तिनं म्हणावं, वापरा. पण तिला तसं म्हणता येत नव्हतं. कारण घोड्या तिच्या नव्हत्याच. कंपनीसाठी केलेलं काम, मालकी कंपनीची. आपल्याकडेही नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामावर, वेगळा करार नसेल तर, मालकाचाच हक्क असतो. ज्या बाईच्या हातून त्या घोड्या जन्मल्या, तिलाही त्या कुणाला देण्याचा अधिकार नव्हता.

मग तिनं काय केलं? ती त्या पोरांना म्हणाली, मी तुम्हाला नवीन पात्रं काढून देते. घोड्यांची मालकी कंपनीकडे होती, पण घोड्या काढणारा हात तिचाच होता ना! तो कोण काढून घेणार?

मला ही गोष्ट वाचताना शिलाईच्या कारखान्यात जाणाऱ्या आपल्या बायका आठवल्या. शिवलेला कपडा कारखान्याचा. पण गळा कसा कापायचा, बाही कशी बसवायची, हे शिकलेलं त्या घरी घेऊन येतात. त्यावर कुणाचा शिक्का नसतो.

लॉरेन फॉस्टनं आधीच्या सहा घोड्यांना नुसते दुसरे रंग दिले नाहीत. तिनं सहा वेगळी खुरांची जनावरं काढली. एक कालवड, ती दोरीचा फास टाकून लढते. एक थंड मुलखातलं सांबर, त्याच्या हाताशी बर्फ आणि वारा. एक अल्पाका, म्हणजे दक्षिण अमेरिकेतला लांब मानेचा लोकरीचा प्राणी, ती समोरच्याला मिठ्याच मारत सुटते. एक शिंगवाली घोडी, तिच्याकडे मंतरलेलं पुस्तक. एक चिनी कथांतला घोड्याच्या रूपातला ड्रॅगन, त्याची आयाळ आगीची. आणि एक कोकरू. हे कोकरू भित्रं. ते स्वतः मागं राहतं आणि कुत्र्यांना पुढं करतं. आपल्या धनगरांच्या वाड्यावर कुत्री कळप कसा राखतात, ते पाहिलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

प्रत्येक जनावराचा स्वभाव वेगळा, म्हणून लढण्याची तऱ्हा वेगळी. त्यांची दुनिया नवी, कथा नवी. गेमचं नावही नवं, देम्स फाइटिन हर्ड्स. हर्ड्स म्हणजे कळप. ज्या तयार साधनावर पहिला गेम उभा होता तेही बदललं. गेम बनवणाऱ्या दुसऱ्या एका गटानं, लॅब झीरोनं, आपली यंत्रणा त्यांना वापरू दिली, रीतसर परवानगीनं. मग 2015 साली त्यांनी लोकांकडे वर्गणी मागितली. 4,36,000 डॉलर हवे होते, 5,86,000 च्या वर जमले. फेब्रुवारी 2018 मध्ये अर्धामुर्धा गेम विक्रीला आला आणि 30 एप्रिल 2020 ला पूर्ण झाला. 2011 ते 2020, नऊ वर्षं. पण शेवटी जे हातात आलं ते विकता येत होतं. प्रेमानं फुकट वाटायचा गेम आता त्यांच्या पोटापाण्याचा झाला.

सगळ्यांचंच असं होत नाही, हेही सांगते. मिल्टन ग्वास्ती नावाच्या अर्जेंटिनाच्या माणसानं निन्टेन्डो कंपनीचा एक जुना गेम नव्यानं करायला जवळजवळ दहा वर्षं घातली. ऑगस्ट 2016 मध्ये त्यानं तो बाहेर काढला आणि काही दिवसांतच कंपनीच्या तक्रारीमुळे मागे घ्यावा लागला. तो गेम बदलण्यासारखा नव्हता. सगळंच उसनं होतं, उसनं काढलं तर काही उरत नव्हतं. पण त्याचं कसब लोकांनी पाहिलं होतं. पुढं दुसऱ्या एका नावाजलेल्या गेमवर त्याला काम मिळालं.

आणि तिसरा माणूस शहाणा निघाला. स्टीफन डिड्युरो. त्यानं सेगा कंपनीच्या सोनिकवर, म्हणजे निळ्या, काटेरी पाठीच्या, भन्नाट पळणाऱ्या प्राण्यावर, फॅन गेम सुरू केला. पण पत्र येण्याची वाट पाहिली नाही. मध्येच थांबला, सोनिकच्या खुणा एकेक करून काढल्या. त्याच्या गेममधली नायिका एका चित्रकर्तीनं काढलेली जांभळी काटेरी मुलगी होती. ती सोनिकची बहीण वाटू नये म्हणून तिला बदलून ड्रॅगन केली. 2014 साली त्याचा फ्रीडम प्लॅनेट बाहेर आला, त्याच्या स्वतःच्या मालकीचा.

हे सगळं ऐकून भाचा उठून बसला. म्हणाला, "सोपं आहे की मग मावशी. शर्टाचा रंग बदलतो, नावातलं एक अक्षर बदलतो." रात्रीत केलंही. सकाळी मला दाखवलं. मी म्हटलं, मला नको, शेजारच्या छकुलीला दाखव. छकुली सात वर्षांची. तिनं मोबाइल बघितला आणि ओरडली. काय ओरडली असेल? त्या कार्टूनचंच नाव! भाच्याचं तोंड उतरलं.

नंतर वकीलबाईंनी सांगितलं, ते ऐकून मला छकुलीचं कौतुक वाटलं. 1978 साली आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर एक खटला होता. एका नाटककाराचं म्हणणं होतं की, सिनेमावाल्यानं माझं नाटक उचललं. न्यायालयानं सांगितलं की नुसती कल्पना, नुसता विषय कुणाच्या मालकीचा नसतो. मालकी असते ती कल्पना कशी मांडली त्याची. आणि नक्कल ओळखायची कशी? साध्या माणसानं दोन्ही पाहिलं आणि त्याला स्पष्ट वाटलं की हे त्याच्यावरूनच उतरवलंय, तर ती नक्कल. मैत्रिणींनो, छकुलीनं नेमकी हीच परीक्षा घेतली होती. इतके टक्के बदललं की चालतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. असा कुठलाही टक्का कायद्यात नाही.

मग मी आपलं रोजचं हत्यार काढलं, वही. जमाखर्चासारखे रकाने आखले, पण तीन. पहिला, उसनं. दुसरा, आपलं. तिसरा, सगळ्यांचं.

उसनं या रकान्यात लिहिलं: कार्टूनचं नाव, चेहरा, कपडे, केसांची ठेवण, मित्र, खलनायक, टीव्हीवरून कापून घेतलेले आवाज, शीर्षकगीत, नाव लिहिण्याची वळणदार अक्षरं, मालिकेत दिसतं तसंच काढलेलं गाव. यादी मोठी झाली. भाच्याचा जीव खालीवर होत होता.

आपलं या रकान्यात लिहिताना तो आधी म्हणाला, काहीच नाही. मी म्हटलं, नीट आठव. मग एकेक निघायला लागलं. संगणकाला दिलेल्या सूचना, ज्याला ते कोड म्हणतात, तो त्यानं स्वतः लिहिला होता. कायद्यानं त्याच्यावर त्याचाच हक्क. किती जोरात दाबलं की किती उंच उडी, हे गणित त्यानं महिनाभर जुळवलं होतं. सोपं आधी, अवघड नंतर, ही चढण त्याची. आपल्यासारख्यांच्या जुन्या, मंद मोबाइलवरही गेम अडकू नये म्हणून तो हलका ठेवला होता, ते कसब त्याचं. हा रकानाही भरला.

सगळ्यांचं या रकान्यात: पळणं, उडी मारणं, खाऊ गोळा करणं, दुष्टापासून वाचणं. हे कुणाच्या बापाचं नाही. पुरणपोळी कुणीही करावी. पण तुमच्या पाकिटावरचं नाव आणि चित्र मी माझ्या पाकिटावर छापलं, तर तुम्ही माझ्या दारात याल.

पहिला रकाना खोडला. आता प्रश्न, त्याच्या जागी काय? गटाची बैठक होती. अक्कानं हप्ता भरताना सगळी हकिगत सांगितली. बायका हसल्या, मग बोलायला लागल्या. एक म्हणाली, "पळायला, उड्या मारायला मुलगाच कशाला लागतो? माझं करडू बघ. सकाळी गंजीवर, दुपारी गोठ्याच्या पत्र्यावर." दुसरी म्हणाली, "आणि बाभळीच्या शेंगा दिसल्या की झालंच!" भाचा दारात उभा राहून ऐकत होता. त्यानं तिथंच वहीच्या कागदावर करडू काढलं. एक कान खाली, एक वर.

करडू आलं आणि बाकीचं आपोआप बदलत गेलं. करडू ठोसा मारत नाही, टक्कर देतं. म्हणून लढाई बदलली. करडू सरळ रस्त्यानं जात नाही, म्हणून बांध, कडब्याची गंज, विहिरीचा कठडा, कौलं आली. गोळा करायला बाभळीच्या शेंगा. खलनायक लांडगा, असं तो म्हणत होता. बायकांनी सांगितलं, लांडगा कुठं बघितलास तू? आठवडी बाजारात कोथिंबिरीच्या ढिगामागं काठी घेऊन बसलेला माणूस घाल. तो घातला. गेम खेळताना आता हसू येतं, आधी नुसता ठोशांचा आवाज यायचा.

राहिलं संगीत. आमच्या गटातल्या सगळ्यांत थोरल्या आजी जात्यावरच्या ओव्या फार गोड म्हणतात. भाच्यानं एकदा त्यांचं गुणगुणणं मोबाइलवर धरलं आणि गेमला जोडलं. छान बसलं. तो खुशीत आजींना ऐकवायला गेला. आजींनी ऐकलं, आणि विचारलं, "माझा आवाज कुठं कुठं जाणार रं हा?"

तो गप्प. मी तिथंच होते, मीही गप्प. पोरानं कंपनीचं पत्र सोसलं, तीन रकाने लिहिले, नव्यानं काम सुरू केलं आणि आजींना विचारायचंच विसरला. कंपनीची भीती वाटते, तिच्याकडे वकील आहेत. आजींकडे कोण आहे?

ओवी परंपरेनं आलेली, ती सगळ्यांची. पण जी बाई ती गाते, तिच्या गाण्यावर तिचाही हक्क असतो, गाणाऱ्याचा हक्क म्हणून कायद्यात तो वेगळा सांगितला आहे. वकीलबाईंना विचारून आम्ही कागद केला. कोणतं गुणगुणणं, कुठं वापरणार, आजींचं नाव गेममध्ये दिसणार, पैसे आले तर त्यातला किती भाग आजींना. मराठीत लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं. आजी सही करतात, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकल्या होत्या. सही करून म्हणाल्या, "आता लाव."

आता आपल्या धंद्याकडे येते. तुमच्यातल्या कितीतरी जणी राख्या करतात, बाळांची झबली, कापडी पिशव्या, केक करतात. त्यावर कार्टून काढता, कारण मुलं मागतात. गावात दहा राख्या विकल्या, कुणी आलं नाही. पण उद्या तुमचा माल मोठ्या दुकानात, शहरातल्या प्रदर्शनात गेला, की हाच प्रश्न येईल. तेव्हा माल परत येण्यापेक्षा आजच वहीत तीन रकाने काढा.

इंटरनेटवर सापडलं म्हणजे मोकळं, असं नाही. गणपती कुणाच्या मालकीचा नाही, पण एखाद्या चित्रकारानं काढलेलं गणपतीचं चित्र त्याचं असू शकतं. जुनं पुस्तकही तसंच. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क 2010 साल संपताना संपला. 'श्यामची आई' आज कुणीही छापू शकतं. पण एखाद्या प्रकाशकानं अलीकडे काढून घेतलेलं मुखपृष्ठ उचललं, तर ती चूक. काही चित्रकार आणि संगीतकार आपलं काम अटी घालून वापरायला देतात. त्या अटी वाचा. नाव द्या म्हटलं असेल तर द्या, विकू नका म्हटलं असेल तर विकू नका.

आणि उलटही लक्षात ठेवा. तुमच्या गटातल्या मुलीनं काढलेली नक्षी दुसरं कुणी छापली, तर तुम्हालाही बोलता येतं. म्हणून पहिला कच्चा कागद टाकून देऊ नका. तारीख घालून फायलीत लावा. आमचं करडू असंच वहीच्या पानावर, बैठकीच्या तारखेखाली जपलेलं आहे. पत्र आलं किंवा शंका वाटली, तर घाबरून बसू नका. बायकांना मोफत कायदेशीर सल्ला मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्नाची अट नाही. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथं जा. 15100 या क्रमांकावर फोनही करता येतो.

शेवटी भाच्याच्या गेमचं काय झालं, ते विचाराल. अजून पूर्ण नाही. दहा टप्पे करायचेत, तीन झालेत. कॉलेजच्या परीक्षा मध्ये आल्या. अक्काचे नऊ हप्ते बाकी आहेत, ते दुधाच्या पैशातूनच जाताहेत. गेम पैसे आणेल की नाही, मी सांगू शकत नाही, आणि गटाच्या वहीतही तसं काही लिहिलेलं नाही. पण परवा तो लॅपटॉप घेऊन बैठकीला आला होता. तिसऱ्या टप्प्यात करडू विहिरीच्या कठड्यावरून सारखं पडत होतं. बायका एकीच्या हातून दुसरीच्या हातात लॅपटॉप देत होत्या. हप्ते गोळा करायला त्या दिवशी मला अर्धा तास उशीर झाला.

छकुलीलाही बोलावलं होतं. तिला विचारलं, हे कोण गं? तिनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "माहीत नाही. नाव काय त्याचं?"

भाचा माझ्याकडे बघून हसला. करडाचं नाव अजून ठरायचंय. तुम्हाला सुचलं तर पुढच्या बैठकीत कळवा. तोवर नमस्कार.